पत्र वाचून दाखवलं

६ नोव्हेंबर, सोमवार

मुलीस,

वर एवढंच लिहायचं, असं तुझ्या बाबांनी बजावलंय. मी म्हटलं, "प्रिय वगैरे काही घालू का?" तर म्हणाले, "पाटीवर शब्द जितके कमी, तितकी ती लांबून वाचता येते. आणि ती फार लांब आहे." मग मी मुकाट्याने लिहिलं.

हे अक्षर कोणाचं, असं तुला वाटेल. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरची बाई. आम्हा दोघांच्याही किडन्यांनी राजीनामा दिला आहे, म्हणून आठवड्यातून तीन दिवस आम्ही डायलिसिसच्या मशीनला जोडून घेतो. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि तोवर चार तास जागचं हलायचं नाही. इथे खुर्च्या ठरलेल्या आहेत. माझी खिडकीपाशी, त्यांची माझ्या उजव्या हाताला. मी नोकरीत होते तेव्हा स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचे, म्हणून इथे मला सगळे चौकशीबाई म्हणतात. त्यात जुन्या नोकरीचा वाटा किती आणि स्वभावाचा किती, ते विचारू नकोस. तुझ्या बाबांना पेंटर म्हणतात.

ते स्वतः का लिहीत नाहीत? साखरेने नजर खाल्ली आहे. माणसाचं तोंड हातभर अंतरावर आलं तर दिसतं, अक्षर दिसत नाही. निम्म्या शहराच्या दुकानांवरची नावं ज्यांनी रंगवली, त्यांना गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मला विचारावं लागतं. कानांचं तर तुला ठाऊकच आहे, ते आता जवळजवळ गेलेच. ओठ बघून ओळखतात. आणि इथे त्यांना सगळ्यात चांगलं कळतं ते माझं, कारण आयुष्यभर काचेआडून बोलून बोलून माझे ओठ प्रत्येक शब्द चावून बाहेर काढतात. डॉक्टर जे सांगतात ते मी पुन्हा सांगते, मग ते मान हलवतात. डॉक्टरांना वाटतं त्यांच्याकडे बघून हलवतात.

आता त्यांचा मजकूर, जसा सांगितला तसा:

"तब्येत ठीक आहे. आत्याही ठीक आहे. चौकातली औषधांच्या दुकानाची पाटी मी केलेली होती, ती काढून दिव्यांची लावली. रात्री डोळ्यांत जाते म्हणतात. तुला मूल झालं असं तिसऱ्याकडून कळलं. मुलगा की मुलगी ते कळलं नाही. कळव."

झालं. एवढं सांगायला त्यांना पाऊण डायलिसिस लागलं. मधे मधे छताकडे बघत होते.

आता खालचं माझं, त्यांना न विचारता. तब्येत ठीक नाही. हृदयात जोर राहिलेला नाही असं डॉक्टर म्हणतात. तू नंबर बदललास, आणि असता तरी फोनवर त्यांना काय ऐकू येणार? हा पत्ताही जुन्या पाकिटावरून घेतला. तुम्ही कशावरून भांडलात ते मला माहीत नाही. मी विचारलं होतं, साहजिकच. ते म्हणाले, "खिडकी बंद." पण पत्र लिहून द्या म्हणून गेले दोन महिने माझ्या मागे लागले होते, हे तुला कळायला हवं. उत्तर इथल्या पत्त्यावर पाठव. घरी पाठवलंस तर तुझ्या आत्याच्या हातात पडेल, आणि तुझं नाव काढलं की त्या भांडी आपटतात.

चौकशीबाई

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलीस,

उत्तर आलेलं नाही. पोस्टाचा दोष असेल असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण ऐकून घेतलं.

इथे पुन्हा मास्क आलेत. कोरोनाने नवा अवतार घेतला आहे. टीव्हीवर म्हणतात हा सौम्य. माझ्या भाच्याच्या घरी सगळे आडवे झाले होते, आठवडाभरात उठून बसले. तो म्हणाला, "मावशी, साधी सर्दी आहे गं. तुम्ही लोक उगाच बाऊ करता." मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते नेहमी घाईत असतात, पण त्या दिवशी स्टूल ओढून बसले. म्हणाले, "बाई, सौम्य हा शब्द ज्यांच्या किडन्या चालतात त्यांच्यासाठी आहे. लस तुम्हीही घेतलीत, पण तुमच्या अंगात ती इतरांइतकी धरत नाही. आणि दरवेळी हा विषाणू नवा चेहरा घेऊन येतो, तेव्हा जे थोडंफार धरलेलं असतं तेही पुरत नाही. भाच्याला घरात बसता येतं. तुम्हाला इथे यावंच लागतं, दुसऱ्यांच्या शेजारी."

त्यामुळे दारात टेक्निशियन रोज विचारतो, "ताप? खोकला? घसा?" नाही म्हटलं की आत. हो म्हटलं तर नाकात काडी घालून तपासतात, आणि निघालाच तर स्टोअरच्या पलीकडची खोली. तिथे सगळ्यांचं आटोपल्यावर, शेवटी, जोडतात. माणसं कमी असतात म्हणून वेळही कमी देतात. मागच्या लाटेत मी त्या खोलीत होते. अंगातलं पुरतं पाणी निघत नव्हतं, छातीत साठत गेलं. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. मी खुर्चीत बसून झोपायचे. ती खोली पुन्हा नको.

मास्कमुळे तुझ्या बाबांची मोठी पंचाईत झाली आहे. कोणाचं तोंडच दिसत नाही. पहिल्या दिवशी भिंतींशी कोण बोलणार म्हणाले. मग त्यांनीच युक्ती काढली. डावा हात मोकळा असतो, तो माझ्यापुढे पसरला आणि म्हणाले, "इथे काढा." मी तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढते आणि ते ओळखतात. चुकत नाहीत. उलट मलाच सांगतात, "तुमच्या 'ळ'ला कंबर नाही." मास्क न काढता गप्पा मारायची ही आमची रीत. फार सावकाशीचं काम आहे, पण चालतं.

आज त्यांनी पुढचं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही, डोळे मिटून घेतले होते:

"मी त्या दिवशी म्हणालो, तुझं काही माझ्या अंगात टिकायचं नाही, तू स्वतः कशात टिकली आहेस. ते ठरवून म्हणालो. तुझी किडनी जुळते असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू हसत होतीस. नुकतं लग्न झालं होतं. परदेशी जायचं होतं. मी नको म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. तू माझी मुलगी आहेस, तुला अडवायचं तर तुझा अपमानच करायला हवा होता. म्हणून केला. चांगला जमला. इतका जमेल असं वाटलं नव्हतं."

मी लिहून पूर्ण केलं. सिस्टर ब्लडप्रेशर बघायला आली, तिने माझंही पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं का वाढलंय?"

बाई गं, माणसं मूर्ख असतात. तुझे बाबा तर अव्वल नंबर. पण आता तुला कळलंय. उत्तर दे.

चौकशीबाई

१३ डिसेंबर, बुधवार

मुलीस,

तुझं पत्र मिळालं! आजच. सिस्टरने आणून माझ्या मांडीवर टाकलं. तेव्हा आम्ही दोघं मशीनला जोडलेलो होतो.

पत्र वाचून दाखवलं. सगळं, पहिल्या ओळीपासून. एकदा वाचलं, मग पुन्हा, मग मधलं तेवढंच पुन्हा. मुलगी झाली हे कळल्यावर त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारली. तू चिडून लिहिलेलं पानही मी गाळलं नाही. 'ते वाक्य मी रोज ऐकते' असं तू लिहिलंस तिथे त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पुढे." आणि शेवटी, ती भिंतीवर रेघोट्या ओढते आणि तू पुसत नाहीस, हे मी किती वेळा वाचलं ते आता सांगत नाही. "कोणत्या रंगाने?" म्हणाले. तू लिहिलेलं नाहीस. कळव.

अक्षर कसं आहे विचारत होते. मी म्हटलं, घाईचं. त्यावर म्हणाले, "लहानपणीही तसंच होतं. शेवटच्या काना-मात्रेपर्यंत तिचा धीर टिकत नाही." हसत होते. मी त्यांना असं हसताना आजवर पाहिलेलं नाही. शेजारचे चार जण वळून बघायला लागले.

तू फोन नंबर दिलास ते बरं केलंस. पत्र त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. मी मागितलं तर दिलं नाही. वाचता येत नाही तरी.

उत्तर सांगायला सुरुवात केली. "तुला सांगायचं ते असं की" इथपर्यंत आले आणि त्यांच्या मशीनची वेळ संपली. सुया काढल्या की त्यांना चक्कर येते, मग बोलवत नाही. म्हणाले, "शुक्रवारी उरलेलं." तेव्हा उरलेलं शुक्रवारी.

माझा घसा जरा बसलाय. रविवारी भाच्याकडे गेले होते, त्याच्या कार्ट्यांवर ओरडून आले. त्यात तुझं पत्र एवढ्या वेळा वाचायचं म्हणजे काय! आता गरम पाणी पिऊन गप्प पडते.

चौकशीबाई

१८ डिसेंबर, सोमवार

मुलीस,

शुक्रवारी लिहिता आलं नाही. मला ताप आला. तपासलं तर तोच निघाला, त्यामुळे माझी रवानगी स्टोअरपलीकडच्या खोलीत. तुझ्या बाबांनाही शनिवारपासून ताप आहे, तेही आज त्याच खोलीत होते. कुठून लागलं कोण जाणे. हल्ली हवेतच आहे, बाजारात आहे, दवाखान्याच्या जिन्यात आहे, कोणाचं नाव घेणार? तुझ्या आत्याही भाजी आणायला जातात.

तुझ्या बाबांना थोडा ऑक्सिजन लावला आहे. बोलताना दम लागतो. पण ओळखतात, बोलतात. आज अडीच तासच मिळाले. डॉक्टर लक्ष ठेवून आहेत.

तू लगेच धावत येऊ नकोस. बाळ लहान आहे, इथे साथ आहे, विमानात काय काय असतं. बरं वाटलं की मी कळवीनच. फोन करणार होते, पण घसा अजून धड नाही आणि परदेशी फोन मला नीट लावता येत नाहीत, म्हणून पत्रच लिहिते. काळजी करू नकोस. हा सौम्य आहे म्हणतात.

चौकशीबाई

३० डिसेंबर, शनिवार

मुली,

तू येऊन गेलीस हे सिस्टरने सांगितलं. आत्यांना बाबांच्या शर्टाच्या खिशात तुझं पत्र सापडलं, त्यावरून त्यांनी फोन केला, हेही कळलं. बरं झालं त्यांनी केला. तू पोचलीस तेव्हा तुझ्या बाबांना श्वासाची नळी घातलेली होती आणि तुला काचेतूनच बघावं लागलं. त्यानंतर काही तासच ते होते, असं सिस्टर म्हणाली.

मी भेटायला आले नाही. मला अजून बाहेर पडू देत नव्हते. म्हणजे सिस्टरने आता हरकत नाही म्हटलं होतं, पण अशक्तपणा होता. जिना उतरवेना.

काय लिहू? ते चांगले होते. चिडके होते, हट्टी होते. खुर्चीची जागा दुसऱ्या कोणाला दिली आहे, एक तरुण मुलगा आहे, कानांत काहीतरी घालून गाणी ऐकत असतो. त्याला माझ्याशी बोलायचं नसतं, आणि मलाही नसतं. मी सध्या माझी खुर्चीही बदलून मागितली आहे.

तुझ्या बाबांना फार त्रास झाला नाही, असं मला वाटतं.

मी

१७ जानेवारी, बुधवार

मुली,

तुझं पत्र आलं. मी ते आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले.

तू मला एकच विचारलं आहेस. लिहितेस, 'तिथे सगळे मास्क लावून असता असं तुम्हीच कळवलं होतं. बाबांना मास्कमधून एक शब्द कळत नाही हे मला माहीत आहे. आणि तळहातावर तीन पानं काढून होत नाहीत. मग माझं पत्र त्यांना खरंच कळलं का? की तुम्ही माझं मन राखायला लिहिलंत? खरं सांगा. मी तेवढ्यावर जगेन.'

चौकशीच्या खिडकीत मी उभ्या जन्मात कोणाला खोटी वेळ सांगितली नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचे. म्हणून सांगते.

कळलं. तुझा शब्द न् शब्द कळला. कारण मी मास्क काढला होता.

हनुवटीखाली ओढला आणि त्यांच्याकडे वाकले. हातभर अंतरावर तोंड आलं तरच त्यांना दिसतं. त्यांनी त्यांचाही खाली घेतला, हसायला येत होतं म्हणून. मी तुझं पत्र चावून चावून वाचलं, तोंडावर तोंड ठेवल्यासारखं, एकदा, पुन्हा, रेघोट्यांचं तर पाच-सहा वेळा. सिस्टर एकदा लांबून ओरडली, "चौकशीबाई, मास्क!" मी हात हलवला, झालंच म्हणून. आणि तेव्हा माझा घसा दुखत होता. कार्ट्यांवर ओरडून नव्हे. भाच्याकडे कोणी आडवं नव्हतं तेव्हा, पण धाकटा पुन्हा शिंकत होता, माझ्या मांडीवर बसून. मंगळवारपासून घशात काटे होते. बुधवारी सकाळी अंगही कसकसत होतं. दारात टेक्निशियनने विचारलं, "ताप? खोकला? घसा?" आणि मी म्हटलं, "काही नाही रे बाबा, मला काय धाड भरली आहे!" तो हसला आणि बाजूला झाला. तो माझ्यावर विश्वास ठेवतो. तिथे सगळे ठेवतात.

आता तुला वाटेल, बाईंनी तुझं पत्र वाचून दाखवण्यासाठी लपवलं. मलाही हे आठवडाभर स्वतःला सांगून बघायला आवडलं. पण तसं नाही. पत्र आलंय हे मला माहीतच नव्हतं, ते सुया लागल्यावर हातात पडलं. मी लपवलं ते माझ्यासाठी. मला त्या खोलीत जायचं नव्हतं. मला पुरे चार तास हवे होते, माझी खिडकी हवी होती, रात्री आडवं होऊन झोपायचं होतं. बाकी कोणाचा विचार माझ्या मनात आला नाही. आणि भाचा म्हणत होता, सौम्य आहे. डॉक्टरांनी स्टूल ओढून सांगितलेलं मी विसरले नव्हते. त्या सकाळी मला भाच्याचं ऐकणं सोयीचं होतं.

तळहात होता. तू म्हणतेस तीन पानं होत नाहीत. सगळी झाली नसती, पण 'मुलगी झाली' एवढं झालं असतं. उरलेलं दर खेपेला थोडं थोडं काढलं असतं, महिनाभर पुरलं असतं. ते त्यातही खूश राहिले असते. पण मला त्यांचं तोंड तेव्हाच्या तेव्हा बघायचं होतं. मी अशीच आहे, बातमी हातात आली की मला दम निघत नाही.

एवढं सांगून थांबले तर तुला एक चांगली गोष्ट मिळेल आणि एक वाईट, आणि तू कदाचित मला माफ करशील. पण अजून आहे.

अठरा तारखेला, त्या खोलीत, आम्ही दोघंच होतो. मधे दोन हातांचं अंतर. त्यांच्या नाकाला नळ्या होत्या. दोघांना तेच झालं होतं, तेव्हा मास्क असला काय, नसला काय, सिस्टरही काही बोलली नसती. तरी मी मास्क वर ओढून घेतला. अगदी डोळ्यांपर्यंत. आणि मग त्यांच्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. दारात खोटं बोलले, घसा दुखत होता, तुम्हाला माझ्यामुळे झालं, मला माफ करा. मोठ्याने सांगितलं. त्यांना एक अक्षर कळणार नाही हे माहीत होतं म्हणूनच सांगितलं.

ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. म्हणाले, "काय म्हणता?" मी मास्क खाली घेतला, जवळ वाकले आणि म्हटलं, "काही नाही. मुलीचं पत्र पुन्हा म्हणून दाखवू? पाठ झालंय मला." ते नको म्हणाले. दम लागत होता. मग म्हणाले, "परवाचं उरलेलं. लिहून घ्या."

हे मी तुला कळवलं नाही. उरलेलं एवढंच होतं: "तुला सांगायचं ते असं की, अक्षर सुधारलेलं नाही असं कळतं. ये. बाळालाही आण. दोघींकडून गिरवून घेतो."

मग म्हणाले, "पत्र नको. वेळ लागेल. फोन करा तिला. ये म्हणावं, लगेच."

नंबर त्यांच्या खिशात होता, माझ्या डायरीतही होता. परदेशी फोन मला लावता येतो, भाच्याने शिकवलाय. तू आली असतीस तर पहिलं काय विचारलं असतंस? कुठून लागलं त्यांना. तू विचारलं असतंस आणि मी तुझ्यासमोर उभी असते. म्हणून मी घरी जाऊन तुला पत्र लिहिलं, धावत येऊ नकोस. सोमवारी फोन केला असता तर तू बुधवारी पोचतीस. बुधवारी ते बोलत होते. तू शनिवारी पोचलीस.

हे लिहून माझं ओझं हलकं होत नाहीये. तू हे पत्र सिस्टरला पाठव, डॉक्टरांना पाठव, तुझ्या आत्यांना वाचून दाखव, माझी हरकत नाही. दारात आता मी खरं सांगते. मागच्या आठवड्यात नुसतं शिंकले तरी सांगितलं, काही निघालं नाही. त्याचा कोणाला काय उपयोग? त्यांना तर नाहीच.

तू विचारलंस, कळलं का. त्याचं उत्तर दिलं. आता शेवटचं एक राहिलं, तेही विचारल्याशिवाय सांगते.

त्या सोमवारी मशीन संपत आलं तेव्हा त्यांनी डावा हात माझ्यापुढे पसरला. बोलवत नव्हतं, डोळेही मिटत होते. फोन केला का, असं विचारायचं होतं त्यांना. मी अजून जागची हललेही नव्हते, फोन कधी करणार? पण ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. हात तसाच पसरलेला होता. मी वाकले आणि त्यांच्या तळहातावर बोटाने काढलं: येतेय.

त्यांनी मूठ मिटली. सुया काढून त्यांना खाटेवर उचलून नेईपर्यंत ती उघडली नाही.

चौकशीबाई